पिकलेलं तोंडलं

सुरतेत लिंबायतच्या त्या गल्लीत मालतीबाईंच्या गॅलरीला तोंडल्याचा वेल होता, आणि त्या वेलावर एकाही तोंडल्याला पिकायची परवानगी नव्हती. बोटाएवढं झालं की मालतीबाई ते तोडत. पिकलं तर लाल होतं, भाजीत चालत नाही, आणि पोपट येतात. पोपट आले की दोरीवरच्या धुण्याची वाट लावतात. मालतीबाईंची काळजी अशी पायरीपायरीनं वर चढायची. अमळनेरच्या कॉलेजात बी.ए. झाल्या होत्या, त्यामुळे काळजीही मुद्देसूद करत.

त्यातला पहिला मुद्दा म्हणजे त्यांची मुलगी, योगिता.

योगिताचं वर्ष कॅलेंडरवर चालत नसे, कामावर चालायचं. उत्तरायण जवळ आलं की घरभर पतंगाचा कागद आणि खळ. उन्हाळ्यात लग्नसराईच्या कंकोतऱ्या. लोकांच्या लग्नपत्रिकांवर ती इतके गणपती काढायची की शेवटी शेवटी त्यांच्या चेहऱ्यावरही कंटाळा दिसायचा. नवरात्रात मातीचे गरबे, म्हणजे दिवा ठेवायचे घट, रंगवायचे. आणि या सगळ्याच्या मधल्या दिवसांत रिंग रोडला हसमुखभाईंच्या साड्यांच्या ऑफिसात जाऊन दुसऱ्यांनी काढलेल्या डिझाइनमध्ये रंग भरायचे.

तिला काय बघून काय सुचेल याचा नेम नव्हता. एकदा मालतीबाईंनी भरिताची वांगी भाजली आणि काळी, तडकलेली सालं ताटलीत काढून ठेवली. ती टाकायला गेल्या तर ताटली गायब. योगिता गॅलरीत बसून सालाचं चित्र काढत होती.

"हे काय?"

"बॉर्डर."

"वांग्याची? वांगं नेसणार कोण?"

ते वांगं पुढं ऑफिसातल्या मोठ्या डिझायनरनं 'मॉडर्न आर्ट' म्हणून दाखवलं आणि त्या साड्या नागपूरपर्यंत गेल्या. योगिताचं नाव कुठं आलं नाही. मालतीबाईंना मात्र त्यानंतर भरीत करताना कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असं वाटू लागलं.

दुसरा मुद्दा म्हणजे योगिताचे मित्रमैत्रिणी. निंबा दुकानांच्या पाट्या आणि रिक्षांच्या पाठी रंगवायचा. पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा, आणि वाघ काढायचा तर त्याचं तोंड हटकून रिक्षाच्या मालकासारखं दिसायचं. मालक खूश व्हायचे. मालतीबाईंचा आक्षेप निंबाच्या दाढीला होता. मंदा लग्नांतून मेंदी काढायची आणि उरलेल्या वेळात घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायची. तिच्या हाताला तोड नव्हती, पण ती हसली की चार घरं पलीकडची बाई विचारायची, "मंदा आलीय वाटतं?"

"या दोघांच्या संगतीत माझी मुलगी मास्तरीण कधी व्हायची?" मालतीबाई नवऱ्याला विचारत. सुकदेवराव उधन्याला लूमच्या कारखान्यात मास्तर होते. दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात राहून त्यांना घरी कमी ऐकू येत असे, निदान ते तसं सांगत.

मालतीबाईंच्या मनात बी.एड. होतं. शाळा, ठरलेली वेळ, सुट्ट्या, पेन्शन. पण त्या वर्षी हसमुखभाईंचा मोठा डिझायनर अहमदाबादला निघून गेला आणि त्याचं टेबल रिकामं झालं. हसमुखभाई योगिताला म्हणाले, "बेन, श्रावणच्या सीझनची एक डिझाइन तुम्ही एकट्यानं करा. चालली तर टेबल तुमचं. नाही चालली तर..." आणि त्यांनी पंख्याकडं पाहिलं.

मालतीबाईंनीही घरात तोच करार केला. चाललं तर टेबल, नाही चाललं तर बी.एड.

योगितानं विषय काय निवडावा? गॅलरीतला वेल. क्रीम रंगावर हिरवी पानं, वळणं घेत जाणारे तंतू, मधून मधून पांढरी फुलं. साडीचं डिझाइन म्हणजे अख्खी साडी रंगवायची नसते. एकच चौकोनी तुकडा काढायचा, पण असा की तो शेजारी शेजारी ठेवत गेलं तर वेल कुठं तुटू नये. वरून बाहेर गेलेलं पान खालून आत यायला हवं. योगितानं ती पानं इतक्या वेळा खोडली की मालतीबाईंना वेलाचीच दया आली. शेवटी एका संध्याकाळी ती म्हणाली, "झालं," आणि कागद वाळायला कपाटावर ठेवून झोपली.

सकाळी योगिता न्हाणीत होती. मालतीबाई पूजा आटपून हातात करंडा घेऊन आल्या. त्यांच्या घरात नवी वस्तू कुंकू लावल्याशिवाय वापरायला निघत नसे. स्कूटर, मिक्सर, गॅसची टाकी, सगळ्यांना लागलेलं. योगिताच्या बारावीच्या हॉलतिकिटावर त्यांनी थेट फोटोच्याच कपाळाला टिळा लावला होता आणि परीक्षेला तिला स्वतःची ओळख पटवून द्यावी लागली होती. दसऱ्याला सुकदेवराव लूमला हळदकुंकू वाहतात, मग एवढ्या महत्त्वाच्या कागदाला नको?

पानांच्या गर्दीत एका बाजूला जरा मोकळी जागा होती. मालतीबाईंनी तिथं अनामिकेनं आधी हळद टेकवली, मग कुंकू, आणि बोट सवयीनं थोडं वर ओढलं. रंग अजून जरासा ओला होता. कुंकू छान बसलं.

योगितानं उशीर झाला म्हणून कागद न बघताच गुंडाळला आणि पळाली.

तिथून तो कागद भिकनकडं गेला. भिकन ट्रेसर, डिझाइनमधला एकेक रंग वेगळा काढायचा, म्हणजे प्रत्येकाची छपाईची स्क्रीन बनते. कागदावर जे आहे ते फिल्मवर उतरवायचं आणि स्वतःचं डोकं घालायचं नाही, हा त्याचा धर्म. पानं त्यानं भराभर उतरवली. पण त्या लाल-पिवळ्या खुणेशी तो बराच वेळ बसला. कडेला उडालेले कणसुद्धा त्यानं सोडले नाहीत.

नेमक्या त्याच आठवड्यात मालतीबाईंनी योगिताला बारडोलीला आतेबहिणीच्या डोहाळजेवणाला धाडलं. "चार दिवस रंगाचा वास तरी नको," म्हणून. इकडं सीझन डोक्यावर आला होता. हसमुखभाईंनी सॅम्पल एका हातानं उचललं, दुसऱ्या हातात फोन होता, "बरोबर छे" म्हणाले आणि पूर्ण लॉट छापायला टाकला.

योगिता परतल्यावर ऑफिसात गेली ती दुपारीच घरी आली. दुपारी ती कधी येत नसे. पाठोपाठ निंबा आणि मंदा, आणि मंदा चक्क गप्प. मालतीबाई जमिनीवर तोंडली चिरत बसल्या होत्या.

योगितानं पिशवीतून साडी काढली आणि जमिनीवर पसरली.

"आई, हे काय आहे?"

वेल सुंदर दिसत होता. एका तुकड्यातून दुसऱ्यात इतका सहज जात होता की जोड सापडेना. आणि ठरावीक अंतरावर, पदरापासून निऱ्यांपर्यंत, मालतीबाईंचं बोट उमटलं होतं. हळद खाली, कुंकू वर, वर ओढलेलं टोक.

मालतीबाई घाबरल्या की त्यांची बी.ए. बाजूला राहायची आणि माहेरची अहिराणी यायची. "अवं माय," त्या म्हणाल्या, "हाई तर मन्ह बोट शे."

"कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं हसमुखभाईंना काय विचारलं माहीत आहे? साडीवर कुणी पानाची पिचकारी मारली म्हणून. जागोजागी, मापात."

निंबा खोकला. हसू आलं की तो खोकायचा.

"दोघा व्यापाऱ्यांनी माल घेतला नाही," योगिता म्हणाली. "सगळा लॉट पडून आहे. हसमुखभाई ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पंख्याकडं बघत बसले."

"मी चांगल्यासाठीच..."

"तुला बी.एड.च हवं होतं ना? घे. झालं."

ते बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच ते आवडलं नाही, पण आता परत घेता येईना. मालतीबाईंनी मान खाली घातली आणि तोंडली चिरू लागल्या, नेहमीपेक्षा पातळ. त्यांना खरंच बी.एड. हवं होतं. पण कुंकू लावताना बी.एड. मनात आलं नव्हतं. त्या वेळी त्यांच्या मनात फक्त टेबल होतं, लाकडी, खणांचं, आणि त्यामागं बसलेली योगिता. हे मुलीला कसं सांगायचं, ते त्यांना बी.ए.त कुणी शिकवलं नव्हतं.

मंदाला शांतता झेपत नसे. तिनं साडीचं टोक ओढून जवळून पाहिलं. "मेंदीचा कोन कधी कधी भलतीकडंच ठिपका टाकतो. पुसायला गेलं की पसरतो, नवरी बोंबलते. आम्ही पुसतच नाही. ठिपक्याचं काहीतरी करून टाकतो. पान, कळी, मोराचा डोळा."

"शेपूट लावा," निंबा म्हणाला. "शेपूट लावली की कशाचंही काहीतरी होतं. उंदीर, पतंग..."

"हो, आणि हसमुखभाईंना सांग, श्रावणात बायका उंदीर नेसतात," मंदा म्हणाली.

"मिरची कर मग. खान्देशी साडी. बघूनच घाम येईल."

"तोंडल्याच्या वेलाला मिरची?" योगिता वैतागून म्हणाली, आणि तेवढ्यात मालतीबाईंनी टोपलीतून एक तोंडलं उचललं आणि चडफडत बाजूला भिरकावलं. पानाआड कुठंतरी लपून त्यांची नजर चुकवलेलं. पूर्ण पिकलेलं, लालभडक, देठाकडं थोडं पिवळं राहिलेलं.

ते घरंगळत साडीवर गेलं आणि एका कुंकवाच्या शेजारी थांबलं.

योगितानं वाकून तोंडलं पाहिलं, मग कुंकू पाहिलं, मग तोंडलं उलटं करून ठेवलं. आता पिवळं खाली, लाल वर. अगदी मालतीबाईंच्या बोटासारखं.

"देठ," ती म्हणाली. "नुसता देठ हवाय. आणि कडेनं एक बारीक रेघ."

"पण छापलेल्या कापडावर परत स्क्रीन कशी बसवणार?" निंबानं विचारलं. "रेघ इकडची तिकडं व्हायची."

"स्क्रीन कशाला?" मंदा आता हसली, आणि पलीकडच्या बाईनं खिडकी उघडली. "कोन आहे ना. मेंदीऐवजी कपड्याचा रंग भरू."

पुढचे दोन दिवस गॅलरीत साडी ताणून बसवलेली होती. मंदाच्या कोनातून तपकिरी रेघ सुटायची, वळून देठ व्हायची आणि वेलाला जाऊन मिळायची. भिकननं इमानानं उतरवलेले कण निंबानं बारीक ब्रशनं पोपटाच्या चोचीच्या खुणा करून टाकले. जणू पोपटानं एक घास घेऊन सोडलं होतं. मालतीबाई चहा करत होत्या आणि दर चहाला तीच गोष्ट विचारत होत्या, "हे धुतल्यावर जाणार नाही ना?" शेवटी निंबा म्हणाला, "मावशी, तुमचं कुंकू छपाईतून गेलं नाही, हा तर रंग आहे." मालतीबाईंनी त्याला चहासोबत दोन खारी जास्त दिल्या. दाढीचा मुद्दा त्यांनी तात्पुरता मागं घेतला.

योगिता साडी घेऊन रिंग रोडला निघाली तेव्हा मालतीबाई तिच्याबरोबर रिक्षात बसल्या.

"तू कशाला?"

"चूक कुणाची आहे? ओरडायचं असेल तर त्यांनी मला ओरडावं. तुझ्या टेबलाचं काय व्हायचं ते व्हावं, पण तुला काम येत नाही असं त्यांनी म्हणायचं नाही."

योगितानं आईकडं पाहिलं. मग बाकीचा रस्ताभर तिनं आईचा हात धरला, रिक्षा फार उडत होती असं दाखवून.

हसमुखभाईंनी साडी गादीवर पसरली, चष्मा वर केला, खाली केला. "आ शुं छे?"

"टिंडोरां," योगिता म्हणाली. तोंडल्यांना सुरतेत टिंडोरां म्हणतात. "पाकेलां."

त्यांनी देठावरून अंगठा फिरवला. "हातनुं काम?"

"हो."

तेवढा एक शब्द व्यापाऱ्याला पुरला. हसमुखभाईंचे डोळे पंख्यावरून खाली आले ते थेट गठ्ठ्यांवर गेले. पानाची पिचकारी आता हँडवर्क झाली होती, आणि हँडवर्कचा भाव वेगळा असतो. सगळा लॉट मंदाच्या गल्लीतल्या बायकांकडं द्यायचा, असं त्यांनी उभ्याउभ्या ठरवलं. कोल्हापूरवाल्याला फोन लावून ते जे बोलले त्यात 'पहिल्यापासूनच असंच ठरलेलं' हे वाक्य दोनदा आलं.

मालतीबाई अजून ओरडा खायच्या तयारीत उभ्या होत्या. "भाई, ते कुंकू मी..."

"आई," योगिता हळूच म्हणाली, "राहू दे."

"ना ना, बोलो बेन," हसमुखभाई म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ ते हसत होते, पोट धरून, आवाज न करता. "योगिताबेन, टेबल तुमचं. पण डिझाइन इथं, या टेबलावरच काढायची. घरी न्यायची नाही."

श्रावणात लिंबायतमध्ये खान्देशी लोकांच्या कानबाई देवीच्या मिरवणुकीत मालतीबाईंनी तीच साडी नेसली. एका बाईनं विचारलं, "कुठल्या दुकानातली?" मालतीबाई म्हणाल्या, "बघू नका अशी जवळून," आणि लगेच पदर नीट पसरून दाखवला.

डिझाइन घरी न नेण्याची अट योगितानं जेमतेम दिवाळीपर्यंत पाळली. पुढच्या सीझनचा कागद कपाटावर वाळत होता तेव्हा मालतीबाई सकाळी तिथं आल्या, लांब उभ्या राहिल्या, करंडा पाठीमागं धरून. या वेळी पपईचं पान होतं. कागदाच्या कडेला, डिझाइनच्या पार बाहेर, पेन्सिलीनं एक छोटा चौकोन आखलेला होता. त्यात अक्षरं होती: आई. आणि खाली भिकनसाठी हिंदीत: इसे मत उतारना.

मालतीबाईंनी हळद टेकवली, मग कुंकू. बोट वर ओढायच्या आधी त्या थबकल्या. न्हाणीत पाण्याचा आवाज चालू होता.

"योगिता," त्यांनी दारातून विचारलं, "जरासं रेघेच्या बाहेर गेलं तर?"