आईने सोडलेलं मीठ

तारण कशाने होतं? आमच्या बाप्तिस्म्याच्या वर्गातला हा पहिला प्रश्न. उत्तर एका दमात म्हणायचं: देवाच्या कृपेने, विश्वासाच्या द्वारे, आपल्या कर्मांनी नव्हे. हे उत्तर मी इतक्या बायकांकडून घोकून घेतलं की मला कुणी झोपेतून उठवलं तरी म्हणेन. ज्यांना येत नसे त्यांना मी पुढच्या खेपेला या म्हणून परत पाठवत असे. कृपा फुकट असते हे ज्याला नीट म्हणून दाखवता येत नाही त्याला ती मिळायची नाही, यात काही विचित्र आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं. आता वाटून काय उपयोग?

आम्ही मेहकरकडचे माळी. मी रांगत होते तेव्हाच वडील गेले. आई वांग्या-मिरच्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला जायची, आणि त्या वाटेवर मिशनचं आवार होतं. बोर्डिंगसाठी भाजी घेता घेता तिथल्या गोऱ्या मिससाहेबांनी मला पाहिलं आणि पोरीला शिकव म्हणाल्या. आईने मला तिथे घातलं, आणि मला सोडून राहवेना म्हणून स्वतःही तिथेच स्वयंपाकाला राहिली. मिशनच्या चुलीवर रांधते म्हटल्यावर मामांनी तिला दार बंद केलं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण ख्रिस्तीही झाली नाही. सकाळी उठून सूर्याला हात जोडायची, आणि मिससाहेब बघत असल्या तर केस सारखे करण्याचा बहाणा करायची. मी मात्र तेरा वर्षांची असताना नदीच्या डोहात बाप्तिस्म्याची बुडी मारून वर आले आणि दुसऱ्या दिवसापासून आईला सुधारायला लागले.

पुढच्याच वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मानमोडीची साथ आली. तापाने माणसं पटापट जात होती. बोर्डिंगच्या शाळेतले बाक बाहेर काढून आत खाटा टाकल्या. मी नऊ दिवस बेशुद्ध होते म्हणतात. मी उठून बसले तेव्हा मिससाहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं की ही देवाची कृपा आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी वाचली नव्हती. तिच्याबाबतीत कृपेचं काय झालं हे मी विचारलं नाही, कारण मला माझं वाचणं आवडलं होतं. आई पायथ्याशी बसून नुसती माझे तळवे चोळत होती.

बरी झाल्यावर मला शिक्षिकेच्या शिक्षणासाठी बाहेरगावी पाठवलं. चार वर्षांनी मी परत आले ती काठाची पांढरी साडी नेसून, हातात छत्री घेऊन. पोरी मला बाई म्हणायला लागल्या. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याला उमेदवार असलेल्या बायकांचा वर्गही माझ्याकडे सोपवला. मी कडक होते. एकीने लेकराच्या कमरेला बांधलेला ताईत ती त्याला अंघोळ घालत असताना मला दिसला, तर मी तिचं नाव सहा महिने मागे टाकलं. ती रडली. मी म्हटलं, रडून काय होतंय, श्रद्धा एकाच ठिकाणी ठेवायची असते.

अशात एके दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मले बी पान्यात घाला म्हनाव तुह्या साहेबाले."

मला खरंच वाटेना. "आता गं काय झालं?"

"महिन्याच्या महिन्याले तुमची ते भाकर वाटतेत. ताट तुह्याकडं येते, तू घेतं, अन् माह्यासमोरून तसंच पुढं जाते. मले नाही बरं वाटत. अन् मेल्यावर तू एकीकडं, मी एकीकडं, हे बी नाही पायजे मले."

प्रभुभोजनाच्या वेळी बाप्तिस्मा न झालेल्यांनी हात पुढे करायचा नसतो. इतकी वर्षं ती मागच्या चटईवर बसून ते ताट पुढे जाताना बघत होती, आणि मी डोळे मिटून प्रार्थना करत होते.

ती माझ्या वर्गात आली. साठ पोरींच्या भाकऱ्या थापून झाल्या की पदराला हात पुसत येऊन बसायची. मला वाटलं होतं हिला काही पाठ व्हायचं नाही, पण ती सगळ्यांत आधी तयार झाली. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे, आपल्या कर्मानं नाही. मी इतरांसमोर तिची परीक्षा जरा जास्तच घेई, पक्षपात केला असं कुणी म्हणू नये म्हणून. ती प्रत्येक उत्तर देऊन माझ्याकडे बघे, पोरगी खूश झाली का ते पाहायला. मी चेहऱ्यावरची रेषही हलू देत नसे. पुढच्या महिन्यात तिचं नाव मंडळीच्या पंचांसमोर जाणार होतं.

आणि मग ती अंबाडीची भाजी झाली. कापणीच्या सणाला मिससाहेब पोरींच्या पंगतीला बसत. त्यांनी पहिला घास घेतला आणि पाण्याचा तांब्या उचलला. भाजीत मीठ दुप्पट पडलं होतं. आईला बोलावलं. ती म्हणाली, चूक झाली बाई. मिससाहेब रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, रांधताना चाखत नाहीस का? तेव्हा पंगतीतली एक लहान पोर पटकन बोलून गेली, "आजी कधीच चाखत नाही. आम्हाले बलावते अन् म्हनते, चाख व. आज कोनी नव्हतं."

मी आईला चुलीपाशी गाठलं. तिच्या ताटलीत भाकरी होती आणि शिजवलेली डाळ, पिवळी धमक. मी बोट बुडवून चाटलं. अळणी.

"किती दिवस झाले हे?"

ती चुलीतली लाकडं आत सारायला लागली. मी आवाज चढवला तेव्हा म्हणाली, "तू पडली होती तवापासून."

"नवस बोललीस?"

"हाव."

"कुणाला?"

"तुह्याच देवाले. दुसऱ्या कोनाले कशाले बोलू? खाट त्याच्या घरात होती." मग माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाली, "म्या म्हनलं, बापा, हिले ठेव. मी जलमभर मीठ नाही खानार."

पाच वर्षं. पाच वर्षं ती साठ माणसांचं रांधत होती आणि स्वतः अळणी गिळत होती, आणि मी परत येऊन तिच्या शेजारी बसून जेवत होते तरी मला पत्ता नव्हता. एखादी लेक तिथल्या तिथे तिच्या गळ्यात पडून रडली असती. मी तिला धडा समजावून सांगायला लागले. नवस म्हणजे सौदा, आणि देव सौदा करत नाही. त्याने मला फुकट वाचवलं. तू मीठ सोडल्याने नव्हे. हे म्हणणं म्हणजे त्याच्या कृपेचा अपमान आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. "तू म्हनतं तसंच असंन," ती म्हणाली. "पन म्या बोलली ना. आता मोडू कशी?"

हे मी कुणाला सांगितलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. मिससाहेब ती भाजी चार दिवसांत विसरल्या असत्या. पण ताईतवालीला मी सहा महिने मागे टाकलं होतं, आणि माझ्या आईला तसंच पुढे जाऊ दिलं तर मंडळीत माझी काय पत राहिली असती? मी पाळकसाहेबांना सांगितलं. सत्यासाठी सांगितलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. सत्यासाठी नाही. ऐटीसाठी.

पंच रविवारी दुपारी उपासना संपल्यावर मिशनच्या देवळाच्या ओसरीत बसत. चौघे जण आणि पाळकसाहेब. आईने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तिने सगळी उत्तरं बरोबर दिली. मग पाळकसाहेब म्हणाले, "आजी, तुमच्या नवसाचं कळलं." मनाने ते मऊ होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "माझं विचाराल तर बाप्तिस्मा देऊन टाकावा. पुढे हळूहळू समजेल. बाई, तुम्ही त्यांना शिकवलंत, तुम्हाला काय वाटतं?"

आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नवस मोडल्याशिवाय तयार आहे असं मला वाटत नाही."

पंचांना माझा निःपक्षपातीपणा फार आवडला. एकाने तसं बोलूनही दाखवलं. जुना नवस, व्रत काही असलं तर ते पंचांसमोर मोडायचं, ही आमच्याकडची रीतच होती. एकादशी धरणाऱ्याने एकादशीला त्यांच्यासमोर भाकरी खायची, तसं. आतून वाटीत मीठ आणलं आणि चिमूटभर तिच्या तळहातावर ठेवलं. एवढं तोंडात टाकलं की येत्या रविवारी नदीवर जायचं.

तिने त्या मिठाकडे पाहिलं आणि मला विचारलं, "खाऊ?"

"खा," मी म्हटलं.

"अन् तुले काही झालं तं?"

"काही होत नाही."

"तुले काय ठाऊक? तू तं बेसुद होती."

कुणी हसलं नाही. तिने ते मीठ पुन्हा वाटीत झाडलं, एक कणही हाताला राहू नये असं दोन्ही तळवे चोळून, आणि पाळकसाहेबांना म्हणाली, "साहेब, माहं तारन नाही झालं तरी चालन. हे जगली पायजे."

वहीत त्यांनी लिहिलं: पुढे ढकलले. मी घरी येईपर्यंत रागाने फणफणत होते, तिने मला चारचौघांत खाली पाहायला लावलं म्हणून. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती दोन्ही दिवस माझं ताट वाढून समोर ठेवून जात होती.

त्यानंतर ती वर्गात आली नाही. मी बोलावलंही नाही. मी म्हणत राहिले, आपोआप वाटेवर येईल. दर महिन्याला ताट तिच्यासमोरून पुढे जात राहिलं. तीन उन्हाळे असे गेले आणि चौथ्यात तिला हगवण लागली. आठवड्याभरात ती चिंधीसारखी झाली. मिशनच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, आता फार नाही, घरी ठेवा.

मी पाळकसाहेबांकडे धावले. ते म्हणाले, आजारपणात डोहाची गरज नाही, डोक्यावर पाणी घालू. पण पंचांचा निर्णय आहे, तेवढं मीठ घेतलं तर बरं, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही. मी घरी आले आणि पेज केली. त्यात मीठ घातलं. तिला सांगितलं नाही. विचार केला, पोटात गेलं की झालं, नंतर देवाला मी समजावीन. सगळ्या मंडळीला कृपा शिकवणारी बाई मरणाऱ्या आईला फसवून तारायला निघाली होती.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा लावला. घोट तोंडात गेला. आठ-नऊ वर्षांत तिने ती चव घेतली नव्हती. तिचे डोळे एकदम उघडले. एरवी मान वळवायची ताकद नव्हती, पण तिने मान वळवली आणि सगळा घोट माझ्या साडीवर थुंकला. मग जीभ पदराने पुसायला लागली, पुन्हा पुन्हा. मी हात धरला तर मला म्हणाली, "तुले जगायचं नाही काय व?"

दुपार कलायच्या आत ती गेली. मामांकडे निरोप पाठवला, ते आले नाहीत. मिशनचं कब्रस्तान बाप्तिस्मा झालेल्यांचं, म्हणून तिला तारेच्या कुंपणाबाहेर बाभळीकडच्या अंगाला जागा दिली. पाळकसाहेबांनी तिथे उभं राहून प्रार्थना केली, स्वतःच्या मनाने, वहीत न लिहिता. परत येताना ते मला धीर देऊ लागले. देवाची कृपा अमर्याद आहे बाई, आपली कुंपणं त्याला नाहीत.

मी रस्त्यात थांबले. जे काही आत होतं ते सगळं बाहेर आलं. मी म्हटलं, अमर्याद आहे तर त्या दुपारी ओसरीत ती कृपा कुठे गेली होती? एका चिमटीला का अडली?

ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी तर देणार होतो. मी तुम्हाला विचारलं होतं."

पाळकसाहेब खोटं बोलत नव्हते. त्याबद्दल मी त्यांना अजूनही क्षमा केलेली नाही.