तळ्याची मालकीण

आत्याच्या नावावर कधी एक गुंठाही जमीन नव्हती. तळं मात्र तिचं होतं.

आज तिला जाऊन वर्ष झालं.
फोटो टाकत नाही. एकच आहे, आधार कार्डवरचा. त्यात ती रागावल्यासारखी दिसते, आणि ती कधी रागवायची नाही.

गोष्ट निजामाच्या राज्यातली.
आमचं घर तेव्हा माळावर होतं, मेंढरांच्या वाड्याला लागून. पाण्यासाठी अर्धा कोस चालावं लागे. आजी पोटुशी असताना दोन घागरी घेऊन वाटेत पडली. ते बाळ गेलं.

त्या दिवसापासून आजोबांचं एकच बोलणं. "आता ऱ्हायचं तर पाण्याकाठी."

तलवाड्याच्या अलीकडं एक तळं आहे. त्याच्या काठी तेव्हा नवी वस्ती बसत होती. जागा दाखवणाऱ्या मित्राला आजोबांनी तीन दिवस काठावर बसवून ठेवलं.

"जागा बघून झाली की बे. आता काय बघायलास?"
"पानी भरणाऱ्या बाया."
"मार खाशील बे!"
"तसं न्हाई. एकमेकीच्या डोक्यावर घागर चढवू लागतात का, ते बघतो. माजी बायको हितंच येणार हाय."

तिसऱ्या दिवशी म्हणाले, "घेऊ."

मेंढरं विकली, जागा घेतली.
स्टँप पेपर उर्दूत. आजोबांना वाचता येत नव्हतं. कचेरीबाहेरच्या मुन्शीनं वाचून सांगितलं, झाड, पाणी, दगड, जे काय असेल ते सगळं घेणाऱ्याचं.

"पानी बी?"
"लिखा है ना. पानी बी."

त्या जागेत ना विहीर, ना आड. डोळ्यांपुढं पाणी एकच.
आजोबा घरी आले, सहा वर्षांच्या आत्याला खांद्यावर घेतलं आणि काठावर नेलं.
"हे तळं तुजं."

दुसऱ्या दिवसापासून आत्या काठावर उभी. बायांनाही गंमत वाटली.

"मालकीण, दोन घागरी घेऊ का वं?"
"घ्या. पर गढूळ करू नका."

वर्षभरानं मोजणीला सरकारी माणूस आला. तळं सरकारी निघालं.
चावडीवर लोक लई हसले. मुन्शीनं पाणी म्हटलंच नसेल, ह्यानं काही तरीच ऐकलं, असं ठरलं. पुढं मरेपर्यंत आजोबांना चावडीवर ऐकावं लागलं, "काय जहागीरदार, तळं जागेवर हाय का?"

आत्याचं लग्न बाराव्या वर्षी झालं. सासर लांब, कडा गावाकडचं. सगळा जन्म तिथं गेला.
माहेर हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. फोन उचलला की पहिलं वाक्य, "माज्या तळ्याला पानी किती हाय?"
मी सांगायचो, बाभळीपर्यंत आलंय. किंवा, तळ दिसायला लागलाय.
तेवढं ऐकूनही ती फोन ठेवायची नाही. मीही फोन ठेवायचो नाही.

जायच्या दोन महिने आधी तिनं विचारलं, "कागद हाय का रं अजून?"
"हाय की. ट्रंकेत."
"वाचून घी कुणाकडून. पानी हा शब्द हाय का, तेवढंच बघ. माजा बाप खुळा नव्हता."

बीडला ओळखीचे एक रिटायर्ड उर्दू शिक्षक आहेत. त्यांनी चष्मा पुसला आणि हळूहळू वाचलं.
झाड होतं. पाणी होतं. दगड होता.
मी कागद घ्यायला हात पुढं केला.
मग त्यांनी चतुःसीमा, म्हणजे जागेच्या बाहेर चारी बाजूंना काय आहे, ते वाचलं. पूर्वेस, सरकारी तलाव.

कड्याला जाताना वाटभर देवाचं नाव घेत होतो. खोटं बोलायचं नव्हतं, आणि सगळं खरं सांगायचा धीर नव्हता.

"हाय आत्या. पानी लिवलंय."
"लिवलंय?"
"झाडाच्या पुढचाच शब्द."

तिनं डोळे मिटले. "म्हंजी बापानं बरोबर आयकलं."
मग तीच पुढं म्हणाली,
"आन् पूर्वेला सरकारी तळं असंल."

"तुला ठाव होतं?"

"पहिल्या बाळंतपणाला गेलते तवा आईनं सांगितलं. बापानं समद्या बायांपुढं हात जोडलेते. मला हसा, पर पोरीला सांगू नका. लगीन होऊस्तोर रोज इचारत ऱ्हायल्या रं मला. एकीच्या बी तोंडून चुकून निघालं न्हाई."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? सव्वा महिना झाल्यावर लेकरू घेऊन काठावर गेले. त्या म्हणल्या, मालकीण, घेऊ का? म्या म्हणलं, घ्या."

हसली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"हितं मला कुणी काय इचारलंच न्हाई कधी."

तिला एकदा काठावर आणायचं होतं. दिवाळीला नेतो म्हणालो होतो.
ती पितृपक्षातच गेली.

आज सकाळी वर्षश्राद्धाच्या पाण्यासाठी तांब्या घेऊन तळ्यावर गेलो. काठावर प्लॉटिंगचा बोर्ड लागलाय. 'फॅमिलीसाठी उत्तम वस्ती. तळ्याचा व्ह्यू.'

बोर्डाच्या खाली बाया गोधड्या धूत होत्या, घट बसायच्या आधीच्या. त्यातली एक तरुण सून. गोधडी बुडवायच्या आधी तिनं वाकून पाण्याला हात लावला आणि म्हणाली, "मालकीण, घेते गं."

मी जवळ जाऊन विचारलं,

"ताई, कुणाला म्हणालात?"
"काय म्हाईत भाऊ. सासू म्हणायची. तिची सासू बी म्हणायची. तळ्याची देवी असंल कोन तरी."

"असंल," मी म्हणालो.

तांब्या अलगद बुडवला. पाणी गढूळ होऊ दिलं नाही.

मालकीणबाई, भाच्याचा नमस्कार.