बंद धरलेलं दार

नांदेडच्या दवाखान्यातून आजोबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चादरींच्या घड्या घालत होते. ऐकलं, हातातली घडी पूर्ण केली आणि मग बसले. मुलांनो, तुम्ही दोघांनी तिकडून कळवलंत, ‘आजी, आजोबांबद्दल छानसं लिही.’ छान नाही, पण खरं लिहिते.

तुमचे आजोबा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. इमारतीभोवती वारा कसा वाहतो, हे ते कॉम्प्युटरवर मांडत. तेव्हाच्या मशीनची ताकद बेताची. म्हणून कठडा, पाण्याची टाकी, जिन्याची खोली सगळं वगळायचं आणि इमारतीचं एक साधं खोकं करायचं. त्याला माझी हरकत नव्हती. काय वगळलं ते मात्र सांगायला हवं होतं…

भूकंपानंतर लातुरात डोक्यावर जड छपराचं ओझं कुणालाच नको होतं. त्यातच क्लासेसचं पेव फुटलं, आणि गच्च्यागच्च्यांवर पत्र्याचे वर्ग उभे राहिले. तुमची आई, आमची मंजू, अशाच एका वर्गात बारावीची तयारी करत होती. त्या छपराचं गणित आजोबांनीच केलं होतं. क्लासचे सर घरी येऊन त्यांना म्हणाले, “सर, पत्रा उडायचा न्हाई ना? शंभर लेकरं बसायलेत खाली.”

“नाही उडत. गणित झालंय.”

मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवायचे. चहा ठेवता ठेवता विचारलं, “अहो, पण पश्चिमेचं दार? उकाड्यात मुलं ते उघडणारच.”

“गणितात दार बंद धरलंय. तुम्ही इंग्रजी शिकवा, वारा आमच्याकडे राहू द्या.”

दोघे हसले. मी गप्प बसले, ही माझी चूक.

मे महिन्यात देगलूरच्या एका मुलीला वर्गात घेरी आली. हवा यावी म्हणून मंजूनं पश्चिमेचं दार उघडलं. तेवढ्यात वळवाचं वादळ आलं, वारा आत घुसला आणि पत्रे खालून उचलले गेले. एक पत्रा त्याच मुलीच्या हातावर पडला. उजवा हात. तिचं ते वर्ष गेलं.

आजोबा तिथे पोचले. पहिला प्रश्न, “दार कुणी उघडलं?” मंजूनं सगळ्यांसमोर हात वर केला. पुढे घरातही, पाहुण्यांसमोरही, तेच वाक्य… “मॉडेल बरोबर होतं. आमच्या कन्येनं दार उघडलं.” ती परदेशी गेली ती त्या वाक्यापासून दूर. तुम्ही विचारता ना, आई लातूरला का येत नाही?

तेराव्यानंतर मी त्यांचं कपाट आवरलं. कडेला भोकांची पट्टी असलेला, प्रिंटरचा एक जुना कागद निघाला. तेच खोकं, पण पश्चिमेची बाजू मोकळी. छपराखालून वर जाणारे बाण. कोपऱ्यात त्यांचं अक्षर: ‘दार उघडे. छप्पर टिकत नाही. बांधणी दुप्पट हवी होती.’ खाली तारीख, अपघातानंतरच्या आठव्या दिवसाची.

म्हणजे आठव्या दिवशी त्यांना कळलं होतं. त्यानंतर ते बावीस वर्षं आमच्यात जगले, रोज दोन वेळा मी वाढलेलं जेवले, आणि मंजूला त्यांनी हे एका शब्दानंही सांगितलं नाही. वगळायची त्यांना सवयच होती.

कागद आज रजिस्टर्ड पोस्टानं मंजूला पाठवला. मोबाइलवरून त्याचा फोटो पाठवलेला नाही, मूळ कागदच तिच्या हाती पडू दे.

आजोबा कामाला बसले की खोलीचं दार आतून लावून घेत. आता मी ते सकाळीच उघडते आणि खाली वीट लावून ठेवते. दिवसभर वारा येतो. घराला काही झालेलं नाही.