देवराईतली वाळकी फांदी

चित्रकारांना रानात न्यायची कल्पना माझीच. पळसदरीच्या मागच्या डोंगरात एका वाडीची देवराई आहे. त्यांनी वाडीत राहून तिची चित्रं काढावीत, शहरात ती लोकांनी बघावीत आणि राई तोडून फार्महाउस बांधायला निघालेल्यांना चार माणसांनी तरी अडवावं, असा माझा बेत. हौसेला मोल नाही म्हणतात. डोकंही नसतं, हे नंतर कळलं.

राईत शिरताना वाडीतल्या मावशींनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. शेंदूर लावलेल्या वाघदेवापुढे नारळ फोडला आणि बजावलं, "हितली वाळकी काडी बी मोडायची नाय." सगळ्यांनी शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडाक्कन आवाज झाला. चित्रकारांबरोबर आलेल्या एका शिल्पकाराने एक वाळकी फांदी मोडून हातात घेतली होती. "मेलेलीच तर आहे," तो म्हणाला. मी देव मानत नाही, उपास करते तो साबुदाण्याच्या खिचडीसाठी. तरी माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी ओरडले तेव्हा त्याने फांदी खाली ठेवली आणि हसला. "बघ, झालं का काही?"

मावशींचा पुतण्या तिथेच उभा होता. टेंपो चालवणारा, जमिनीच्या एजंटाबरोबर खालापूरला खेपा घालणारा. तो फांदीकडे नाही, शिल्पकाराकडे टक लावून बघत होता.

परतताना मी मावशींना म्हटलं, "भिऊ नका, त्याला काही होणार नाही."

त्या थांबल्या. "तेचंच भ्याव वाटतं, ताई. काय नाय झालं तर? आमचा पुतण्या इतकी वर्सं कुऱ्हाड घेऊन राईच्या भायेर थांबलाय, तो काय आमाला भिऊन नाय."

माझी झोपच उडाली. त्या राईला ना कुंपण, ना पाटी. तिला राखत होती ती नुसती भीती, आणि ती मोडणारा माणूस मी आग्रह करकरून नेला होता. त्याला निदान पडसं तरी व्हावं, असं मी मनातल्या मनात म्हणायचे. शहरात परतल्यावर रोज फोन करून तब्येत विचारायचे. तो ठणठणीत. "एवढी काळजी बायकोसुद्धा करत नाही," म्हणायचा.

आठवड्याने पुन्हा वाडीत गेले. मावशी अंगणात तांदूळ पाखडत होत्या, चार माणसं बसली होती. मला बघताच पुतण्यानेच विचारलं, "कसा हाय तुमचा मूर्तीवाला?"

मावशींचं सूप थांबलं.

"ताप आहे," मी म्हणाले. "उतरतच नाही."

पुतण्या उठला, राईच्या दिशेने हात जोडले आणि टेंपोकडे गेला. मावशी पुन्हा पाखडू लागल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही ते बरंच झालं.

डोंगर अर्धा उतरल्यावर रेंज आली आणि लगेच फोन वाजला. नाव शिल्पकाराच्या बायकोचं होतं. तिने मला आजवर कधीच फोन केला नव्हता. वाजून वाजून तो बंद झाला, पुन्हा वाजायला लागला. उचलायचा धीर होईना. मी राईकडे तोंड केलं आणि भर वाटेत पायातल्या चपला काढल्या.