बँडमास्तरच्या आजीची नोंद

बँडमास्तर 'कॅथेड्रल' हा शब्द उच्चारताना डोक्यावरची झालरीची टोपी काढून काखेत धरायचा. दुसऱ्याच्या वरातीत, भर रस्त्यात, क्लॅरिनेटचं तोंड पुसता पुसता तो वरपित्याला सांगायचा, "तुमचं मांडवात लागून राहिलं, भाऊ. माह्या आजाचं नागपूरले कॅथेड्रलात लागलं होतं." ज्याला कॅथेड्रल म्हणजे काय तेही ठाऊक नसे, तो वरपिता मान डोलवायचा. मला किळस यायची.

सौंसर ते पांढुर्णा या पट्ट्यात लग्नसराईत त्याच्या बँडला उसंत नसे. वाजवायचा बरा, एवढं मी मान्य करतो. माणूस मात्र मला पोकळ वाटे आणि तसं मी लपवतही नसे. त्याच्या गोष्टीतली आजी दर हंगामात नवा साज चढवायची. एका वर्षी नुसतं पांढरं लुगडं, पुढच्या वर्षी त्यावर जाळीचा बुरखा, नंतर साहेबाची बग्गी. "तासभर ऑर्गन वाजला," असंही तो म्हणू लागला.

मी त्याच कॅथेड्रलच्या ऑफिसात कारकून होतो आणि शनिवारी बसनं सौंसरला घरी यायचो. ऑर्गन कोणासाठी वाजे, हे मला चांगलं ठाऊक होतं. खेड्यातल्या गरिबांची लग्नं बुधवारी-गुरुवारी सकाळी, चार-पाच जोडपी एका रांगेत उभी करून उरकत. त्या काळी दुसरं चर्च जवळ नव्हतं म्हणून कॅथेड्रल. त्यात मिरवण्यासारखं काय? एकदा चौकात मी त्याला म्हणालो, "तुझा आजा साहेबाचे घोडे धुवायचा, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्याच्यासाठी ऑर्गन कोण वाजवणार?"

"घोडे खिंकाळले असतीन मंग," तो म्हणाला. "तेही काई कमी नाई."

लोक हसले, आणि हसले ते माझ्यावर. ते मी विसरलो नाही.

एक दिवस तो नागपूरला माझ्या टेबलापुढं येऊन उभा राहिला. बँडचा कोट नव्हता, साधा धुतलेला सदरा होता. सौंसरच्या कब्रस्तानात त्याच्या आजीची कबर कुंपणाला लागून, बिननावाची होती. आजाची कबर आत, नावाची. आजीचं लग्नच झालं नव्हतं, आजानं तिला नुसतंच घरात आणलं, असं आमच्या चर्चच्या मंडळीतले म्हातारे तंबाखू चोळत सांगत. त्यानं दगड बसवून त्यावर 'पत्नी' असं कोरायचं ठरवलं, तर चर्चच्या कमिटीनं सांगितलं, आधी लग्नाची नोंद आण.

"ठेवलेली बाई म्हनतात तिले," तो हळूच म्हणाला. "मी पोरगा होतो तवापासून आयकून राहिलो. तुम्ही फक्त वही दाखवा, भाऊ."

वर्षानुवर्षांची ती फुशारकी कशासाठी होती, ते मला त्या क्षणी कळलं. तरी मन द्रवलं नाही. आता याची जिरणार, एवढंच वाटलं.

मी वही काढून दिली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. आपलं आडनाव, वानखडे, त्या लिपीत कसं दिसतं तेवढं तो कोणाकडून कागदावर लिहून घेऊन आला होता. तो कागद शेजारी ठेवून तो दोन दिवस ओळीओळीवर बोट फिरवत बसला. पण जुने फादर खेड्यातल्या माणसाला आडनाव विचारत नसत. नावापुढं त्याचं गाव लिहून मोकळे होत. त्याच्या आजाची नोंद 'योसेफ मोहगाव' अशी होती. ते पान मी कधीच पाहिलेलं होतं.

त्याच पानावर, त्याच सकाळची, लगेच खालची नोंद माझ्या आजाची होती. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की आजोबा साहेबाचे मुन्शी. वहीत धंदा लिहिला होता पंखा ओढणारा, आणि सहीच्या जागी फुली. त्या दोन जोडप्यांनी एकमेकांच्या लग्नाला साक्ष दिली होती. एक नोंद दाखवायची तर दुसरीही उघडी पडणार होती.

"तूच वही चाळलीस," मी म्हणालो. "नसेल तर नसेल."

त्यानं वही मिटली, रुमालानं तिच्यावरची धूळ पुसली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "बरोबर आहे," म्हणाला. "गरिबाचं कोन लिहून ठेवते?"

त्यानंतर वरातीत त्याची टोपी डोक्यावरून उतरली नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं. तो मेला तेव्हा मी मातीला गेलो, पुढच्या रांगेत उभा राहिलो, आणि परत येऊन जेवलो. माझ्याइतका निगरगट्ट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या महिन्यात त्या पानाची शिक्क्याची नक्कल घेऊन मी पांढुर्ण्याला त्याच्या मुलीकडे, शीलाकडे गेलो. ती शाळेत शिकवते. तिनं दोन्ही नोंदी सावकाश वाचल्या. काय झालं होतं, ते मी सगळं सांगितलं.

"बाबा दोन दिवस तुमच्यापुढं बसून होते?"

"हो."

"चहा पाजला होता त्याहिले?"

"पाजला होता."

"चांगलं केलं," ती म्हणाली, आणि कागद माझ्याकडे सरकवला. "मंडळीपुढं तुम्हीच वाचा. दोनही."

परवाच्या रविवारी सौंसरच्या चर्चात उपासना संपल्यावर मी मंडळीपुढं उभा राहिलो. पहिली नोंद नीट वाचली: योसेफ, घोड्यांचा साईस, आणि मार्था, त्याची विवाहित पत्नी. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मग दुसरी वाचली.

"काका," मागच्या बाकावरून शीला म्हणाली, "इथपर्यंत ऐकू नाई येऊन राहिलं."

मी चष्मा पुसला आणि ती पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचली.