अशक्तपणा म्हणून सांगितलेलं दुखणं

"फिशर आहे," खालापूरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. फिशर म्हणजे शौचाच्या जागी पडलेली चीर. "तिखट, मटण बंद. भरपूर पाणी प्या. दिवसातून तीनदा गरम पाण्याच्या टबात बसा. आणि लाजू नका, पास्टर, हे कुणालाही होतं."

मी लाजलो.

चौकला आमची छोटी प्रार्थनासभा आहे. घरातलं भांडण असो, नवऱ्याची दारू असो, लपवू नका, बोला, असं मी तिथे बारा वर्षं सांगत आलोय. पण डॉक्टरबाईंकडून आल्यावर पहिल्याच रविवारी मी बोलताना मधूनच कळवळलो आणि लोकांनी विचारलं, तेव्हा म्हणालो, "जरा अशक्तपणा आहे."

अशक्तपणावर आमच्या सभेतल्या, लोधिवलीच्या बायजाआजींना एकच औषध माहीत. सोमवारी गावठी कोंबड्याचा झणझणीत रस्सा घेऊन त्या दारात हजर.

"खा रं बाबा, तोंड बघ कसं उतरलंय!"

आणि समोरच बसून राहिल्या. मी रस्सा प्यालो. मंगळवारी एका घरून सुकट आलं, बुधवारी दुसऱ्या घरून मटण. माझी बायको सुनीता म्हणाली, "अजून एकदा अशक्तपणा म्हणा, म्हणजे अख्खा बोकडच येईल."

गुरुवारी बरंच रक्त गेलं. मी घाबरलो. त्या दिवशी संडासात केली तितकी कळकळीची प्रार्थना मी सभेत कधी केली नव्हती.

डॉक्टरबाईंनी स्फिंक्टेरोटॉमी केली. म्हणजे तिथला आवळलेला स्नायू जरासा कापून सैल करतात. "रस्सा प्यायला कुणी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

पंधरा दिवसांनी सभेत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. जागेच्या नावासकट. मग बायजाआजींचा आवाज आला, "मंग आदी सांगायचं ना! कोंबडा उगाच मेला." सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. टाके ताणले गेले.

सभा संपल्यावर चार पुरुष चपला शोधत रेंगाळले. प्रत्येक जण दुसऱ्याच्या जाण्याची वाट बघत होता. शेवटी एक टेंपोवाला पुटपुटला, "पास्टर, मला पण हाय. तीन वर्सं झाली." बाकीच्या तिघांनीही माना डोलावल्या.

दाराआडून बायजाआजी म्हणाल्या, "मला बी हाय रं. सुनेला कसं सांगू?"

तुमच्यापैकी कुणाला हे असेल, तर देवाला सांगाच, पण डॉक्टरलाही सांगा. मी सोमवारी त्या पाचही जणांना खालापूरला घेऊन गेलो. टेंपोत मागे बसायला भरपूर जागा होती. कुणीच बसलं नाही. टेंपोवाला तेवढा चालवायला बसला, तोही दात आवळून.