कबरीवरचं अंजीर

तिला सगळे उरलीसुरली मावशी म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचा राग नव्हता. चर्चची आणि मागच्या कबरस्तानाची झाडलोट तिच्याकडे होती, आणि अवजारांच्या खोलीला चिकटलेली एक खोली राहायला. त्या खोलीत फुकट जाईल असं काही नव्हतं. साबणाचे तुकडे दाबून ती नवी वडी करी. वेदीवरच्या मेणबत्त्यांची बुडखं वितळवून त्यांतून घरापुरता उजेड काढी. भांडी विसळलेलं पाणी गुलाबांना जाई. नवऱ्याचा कोट उलटा करून शिवला होता, आणि आता उलटी बाजूही विटली म्हणून पुन्हा सुलटा करायच्या बेतात ती होती.

ती कंजूष मात्र नव्हती. सकाळी दार उघडलं की भिंतीवरचं शेवाळ, दवानं वाकलेलं गवत, एखादा गोगलगायीचा चकचकीत माग, असं काहीबाही ती नीट बघून घेई आणि म्हणे, "प्रभू, आजचंही छान झालंय हं." जणू शेजारणीच्या हातचं काही चाखून सांगावं तसं.

कबरस्तानाच्या कोपऱ्यात एक अंजिराचं झाड होतं. कुणी लावलेलं नव्हतं. एका जुन्या कबरीच्या दगडाला भेग पडली आणि त्या भेगेतून ते वर आलं. दगडाचे दोन तुकडे होऊन दोन्ही बाजूंना कलले होते. फळं लागत ती गोड, जांभळी, पण मंडळीतलं कुणी हात लावत नसे. बायका त्या बाजूनं जाताना मुलांना अलीकडे ओढून घेत.

मावशी मात्र टोपली घेऊन जाई. "प्रभूनं एका अंजिराला शाप दिला तो फळ नव्हतं म्हणून," ती म्हणे. "हे बिचारं देतंय, तर आपण तोंड फिरवायचं?" प्रार्थना म्हणायची, दोन खायची, उरलेली वाळवायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या वर्षी फळं फार आली. पानं हलत नव्हती, पक्षी त्या झाडावर बसत नव्हते, आणि तरी खाली रोज सडा पडलेला असे. मावशी पोटभर खाई.

एका दुपारी ती चपलेचा तुटलेला पट्टा शिवून घ्यायला जोडेवाल्या काकांकडे गेली. काका ऐंशीच्या घरातले, एकटे, बोलायला महाकंजूष. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोबण. ते दोऱ्याला मेण लावत बसले होते आणि मावशी स्टुलावर. बसल्या बसल्या ती गुणगुणू लागली. आपण गुणगुणतोय हे तिचं तिलाही कळलं नाही.

"निजली वाट, निजलं पाणी,
निजली दारामागं केरसुणी..."

काकांच्या हातातली आरी खाली पडली.

"हे कुठं ऐकलंस?"

"काय?"

"केरसुणी. कुणाच्या अंगाईत केरसुणी असते का गं? माझी आई घरातल्या वस्तूंना एकेक करून निजवायची. तिचं तिनं रचलेलं होतं ते. मी सहा वर्षांचा असताना ती गेली. माझ्याशिवाय हे कुणाला ठाऊक नाही."

"कुठं पुरलं तिला?" मावशीनं विचारलं, पण उत्तर आधीच तिच्या पोटात उतरलं होतं.

"तुझ्या त्या अंजिराखाली."

चप्पल तशीच टाकून मावशी एका पायानं अनवाणी घरी आली. जिभेवर अजून गोडी होती. तिनं चूळ भरली, पुन्हा भरली, गोडी जाईना. मग ती पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेब तरुण, नुकतेच बदलून आलेले. ते हसले. "मावशी, लहानपणी कुठंतरी कानावर पडलं असेल. मन फार साठवून ठेवतं. तुमच्यासारखंच."

तिनं अंजिरं खाणं बंद केलं. फळं खाली पडून कुजू लागली. गांधीलमाश्या घोंगावू लागल्या, आंबूस वास चर्चच्या खिडकीतून उपासनेत येऊ लागला. मावशीला भीतीनं झोप नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या नासाडीनंही नव्हती.

रविवारी उपासनेनंतर काका काठी टेकत कबरस्तानात आले. हातात तिची शिवलेली चप्पल होती.

"दुसरं कडवं होतं गं. मला आठवत नाही. आयुष्यभर आठवत बसलोय. एक फळ खा ना माझ्यासाठी."

"काका, हे बरं नव्हे."

"बरं असो नसो. मी म्हातारा झालो. मागतोय काय, तर अंगाई."

तिला नाही म्हणवेना. तिनं फांदीवरचं एक फळ तोडलं, डोळे मिटून प्रार्थना म्हटली, आणि खाल्लं. थोडा वेळ काहीच झालं नाही. भर दुपारी ऊन असताना तिच्या पावलांना जमिनीतून गारवा चढला. मग तिच्या गळ्यातून आवाज आला. तिच्या आवाजापेक्षा कोवळा.

"निजली आरी, निजला दोरा,
निजला बाबांचा जोडा कोरा."

काका रडत होते, हसत होते. "हो, हो! कोरा जोडा! बाबा मोचीच, पण स्वतःचा नवा जोडा कधी घातला नाही त्यांनी!"

मावशीला थांबायचं होतं. गळा थांबेना.

"उठली वाट, उठलं पाणी,
दारात बसलंय जागं कोणी.
पिकले केस रे माझ्या राया,
जोडे काढून ये निजाया."

काकांचं रडणं थांबलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

"हे कडवं नव्हतं," ते हळूच म्हणाले. "तिनं पाहिले तेव्हा माझे केस काळे होते."

मावशीनं तोंडावर हात दाबला. काका मात्र घाबरले नाहीत. कलत्या दगडाला त्यांनी हात लावला, काठी उचलली आणि सावकाश निघून गेले. पुढचे काही दिवस त्यांनी दुकानातले सगळे जोडे शिवून ज्याचे त्याला पोचवले. मावशी रोज सूप घेऊन जाई आणि विनवी, "काका, तुम्ही कुठं जायचं नाही." ते म्हणत, "सूप छान झालंय."

मग एका सकाळी ते खुर्चीतच गेलेले सापडले. पाय अनवाणी होते. जोडे उंबऱ्याबाहेर जोडीनं ठेवलेले.

"मी गाऊन माणूस मारला," मावशी पाळकसाहेबांना म्हणाली.

या वेळी ते हसले नाहीत. "ते गेले तेव्हा घाबरलेले होते का?"

"नाही."

"मग आपण आईच्या शेजारी त्यांना पुरू. बाकीचं मला कळत नाही, मावशी. प्रार्थना करू." दोघांनी केली.

पुढच्या वर्षी झाड पुन्हा लगडलं. मावशीनं बराच विचार केला आणि टोपली काढली. भूक खरी होती, फळ खरं होतं; देणाऱ्यावर संशय धरून ते मातीत घालणं तिला जमण्यासारखं नव्हतं. ती वेचत असताना पाळकसाहेब आले.

"एक द्याल?" ते म्हणाले. "माझी धाकटी बहीण लहानपणीच गेली. इथं नाही, फार लांब पुरलीय. पण मुळं कुठवर जातात कुणाला माहीत."

मावशीनं टोपली छातीशी धरली. "भुकेसाठी हवं असेल तर दोन घ्या. ऐकण्यासाठी हवं असेल तर एकही मिळणार नाही."

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग बाही सरसावून ते तिच्याबरोबर वेचू लागले. झाडावर पान हलत नव्हतं. वेचता वेचता मावशीच्या मिटल्या ओठांमागे एक चाल उमटू लागली. अंगाई नव्हती, लहान मुली दोरीवर उड्या मारताना म्हणतात तसलं काहीतरी, तिनं जन्मात न ऐकलेलं. तिनं वाकलेल्या पाळकसाहेबांकडे पाहिलं. मग दात घट्ट आवळले, श्वास घेतला, आणि रविवारचं सगळ्यांना पाठ असलेलं गीत खड्या आवाजात, बेसूर, म्हणायला लागली.

पाळकसाहेबांनी चमकून वर पाहिलं. दुसऱ्या ओळीला त्यांनी सूर धरला.